नागपूरला टॉप फ्लोअरचा फ्लॅट, रात्री १२ पर्यंत स्लॅब तापलेला, काय काय करता येईल?

चौथा_मजला_नागपूर

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही जानेवारीत ठाण्याहून नागपूरला आलो. भाड्याचा टू बीएचके आहे, चौथा मजला आणि तोच शेवटचा, वर डायरेक्ट गच्ची. हॉलला मोठी स्लायडिंग खिडकी आहे आणि ती बरोबर पश्चिमेला. आत्ता एप्रिल अर्धाच झालाय आणि पारा ४२ च्या वर गेलाय, इथले सगळे म्हणतात हा तर काहीच नाही मे बघा, नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) बघा, ते ऐकूनच धडकी भरते.

दुपारचं एकवेळ समजू शकते, पण रात्रीचं काय करायचं ते कळत नाहीये. बाहेर ११ नंतर हवा बरी होते पण घरात गादीला हात लावला तरी गरम लागते, कपाटातले कपडे गरम, नळाचं पाणी तर संध्याकाळी ६ ला अंगावर घेववत नाही. पंखा फुल केला की वरची गरम हवाच खाली येते. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, आणि मुलगी ४ वर्षांची, तिची मान आणि पाठ घामोळ्यांनी भरून गेलीये.

ठाण्याला एकच एसी होता बेडरूममध्ये, तो इथेही लावलाय पण दुपारी ३ ला तो नुसता चालत राहतो आणि खोली काही थंड होत नाही. बिलाचीही भीती आहेच. इथे घरोघरी कुलर दिसतात, आम्ही कधी वापरला नाही. ठाण्याच्या ओळखीतले म्हणतात कुलरने चिकचिक होते, घेऊ नका. मग नेमकं काय करू? दुसरा एसी, कुलर, का गच्चीवर काहीतरी लावून घेऊ? घरमालक म्हणतात गच्चीचं काही करायचं तर तुमच्या खर्चाने करा, माझी हरकत नाही. भाड्याच्या घरात किती पैसे घालायचे तेही बघायला लागतं. जे इथे राहतात त्यांनी प्लीज सांगा, सासूबाईंची जास्त काळजी वाटते.

धरमपेठची_काकू

अगं पहिले तर ते ठाण्याचं कुलरबद्दलचं ज्ञान बाजूला ठेव. तिकडे खरंच चिकचिक होते कारण तिकडच्या हवेत आधीच पाणी भरलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता १५-२० टक्क्यांवर येते, कपडे वाळत टाकले की अर्ध्या तासात कडक होतात ते बघितलं असशील. असल्या कोरड्या हवेत कुलर म्हणजे वरदान आहे. बाहेर ४४ असताना चांगल्या ओल्या ताट्यांचा (ताट्या म्हणजे कुलरच्या बाजूंना लावलेले गवताचे जाड थर) कुलर २८-२९ डिग्रीची हवा देतो. आमच्या पिढ्या ह्याच्यावर निघाल्या.

पण कुलर लावायची पद्धत आहे आणि नवीन लोकांचं इथेच चुकतं. कुलर खोलीत मध्ये ठेवायचा नाही. तो खिडकीच्या बाहेर स्टँडवर बसला पाहिजे, त्याची पाठ आणि दोन्ही बाजू बाहेरच्या हवेत, फक्त तोंड आत. तो बाहेरची हवा ओढतो, ओल्या ताटीतून गार करतो आणि आत ढकलतो. आता आत ढकललेली हवा बाहेर जायला वाट नको का? म्हणून समोरच्या बाजूची खिडकी नाहीतर दार अर्धं उघडं ठेवायचं. एसी लावल्यासारखं सगळं गच्च बंद करून कुलर लावला की तासाभरात घर दमट होतं, चादरी ओलसर लागतात आणि मग लोक म्हणतात कुलर बेकार आहे. हवा कुठून बाहेर जाते त्यावर गारवा कुठे पोचणार ते ठरतं, म्हणजे हॉलमध्ये कुलर आणि सासूबाईंच्या खोलीची लांबची खिडकी थोडी उघडी ठेवली तर हवा त्यांच्या खोलीतून जाऊनच बाहेर पडेल. एका कुलरमध्ये दोन खोल्या होतात अशाने.

साइज बघताना खोलीची लांबी रुंदी उंची फुटात मोजून गुणाकार करायचा आणि त्याला २ ने भागायचं, साधारण तेवढे सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा, पाहिजेत. म्हणजे १२ बाय १५ चा हॉल आणि १० फूट उंची असेल तर ९०० च्या आसपास. आपल्याकडे जे लोखंडी किंवा फायबर बॉडीचे मोठे डेझर्ट कुलर मिळतात ते ह्याच्यापेक्षा मोठेच असतात. ते छोटे चाकावरचे पर्सनल कुलर घेऊ नकोस ह्या हवेला पुरत नाहीत.

ताट्यांमध्ये दोन प्रकार, एक लाकडी गवत म्हणजे वूडवूल, ते स्वस्त, गारवा छान देतं पण दर सीझनला बदलावं लागतं. दुसरं हनीकोंब म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी कागदी ताटी, महाग पण दोन-तीन सीझन जातं. बोअरचं पाणी असेल तर दोन्हींवर पांढरा थर चढतो आणि मग पाणी सगळीकडे झिरपत नाही, तर टाकीतलं पाणी तीन-चार दिवसांनी पूर्ण काढून नवीन भरायचं. आम्ही एका बाजूला वाळ्याची ताटी लावतो, सुवासाने अर्धं ऊन पळतं. आणि आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून आतून ब्रशने घासायची म्हणजे घासायचीच, डेंग्यूचे डास असल्याच साफ साठलेल्या पाण्यात होतात आणि अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

आणि हो, कुलर आणि एसी एकाच वेळी एकाच खोलीत नको. कुलर हवेत पाणी घालणार आणि एसी तेच काढत बसणार, बिल दुप्पट. दिवसा हॉलला कुलर, रात्री झोपायच्या खोलीत गरज पडली तर एसी, असं कर. जूनच्या मध्यात पाऊस लागला की कुलरचा पंप बंद करून नुसता फॅन, मग एसीचे दिवस.

सिव्हिलवाला_वर्धा

काकूंनी कुलरचं एकदम बरोबर सांगितलंय. मी त्याच्या आधीचं सांगतो कारण तुमचा खरा प्रॉब्लेम डोक्यावर आहे. तुम्ही लिहिलंय ना की दुपारपेक्षा रात्र वाईट, तोच पुरावा आहे. आरसीसीचा ५ इंची स्लॅब सकाळपासून ऊन पितो, गच्चीचा पृष्ठभाग दुपारी ५५-६० डिग्रीपर्यंत जातो, पण ती उष्णता काँक्रीटमधून खाली उतरायला काही तास लागतात. दुपारी २-३ चं ऊन तुमच्या छताच्या आतल्या बाजूला संध्याकाळी ७-८ ला पोचतं आणि मध्यरात्रीपर्यंत खाली फेकत राहतं. हवा गार झाली तरी छताकडून सरळ अंगावर उष्णता येते, म्हणूनच थर्मामीटर ३२ दाखवत असला तरी माणसाला त्यापेक्षा जास्तच वाटतं. एसी ह्या स्लॅबशी भांडतोय, खोलीशी नाही. त्यामुळे दुसरा एसी घ्यायच्या आधी गच्ची. एसीचे पैसे नंतरही घालता येतात.

उपाय एकच तत्त्वाचा आहे, ऊन काँक्रीटपर्यंत पोचू द्यायचं नाही. साधं मळकट काँक्रीट जेमतेम ३० टक्के ऊन परत फेकतं, बाकी सगळं पिऊन टाकतं. ताजा पांढरा चुना ७०-८० टक्के परत फेकतो. एवढ्यावर छताच्या आतल्या बाजूला ३-४ डिग्री आणि काही वेळा जास्त फरक मिळतो, आणि खर्च फार नाही. अहमदाबादला २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये जो हीट ॲक्शन प्लॅन केला त्याच्या पुढच्या टप्प्यात वस्त्यांमधल्या घरांची छपरं अशीच पांढरी करून घेतली, आणि तेलंगणाने तर २०२३ मध्ये कूल रूफची पॉलिसीच आणली. म्हणजे आजीबाईचा बटवा म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही ही.

तीन लेव्हल आहेत. चुना सगळ्यात स्वस्त, एक सीझन टिकतो, पावसात धुऊन जातो, भाड्याच्या घराला हाच बरा. त्याच्यावर रिफ्लेक्टिव्ह पेंट, तो ३ ते ५ वर्षं जातो पण गच्ची आधी चांगली धुवून भेगा भरून मगच, आणि धूळ बसली की त्याचा पांढरेपणाही कमी होतो म्हणून दर मार्चला एकदा धुवायचा. तिसरं म्हणजे पांढऱ्या टाइल्स किंवा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवलेली फरशी), ते घरमालकाने करायचं काम, तुमचं नाही.

दुसरा रस्ता सावलीचा. सिग्नलवर आता उन्हाळ्यात हिरवी जाळी लावतात बघा, तीच जाळी, ७५ टक्के ऊन अडवणारी, बांबूवर किंवा पाइपवर गच्चीपासून ६-७ फूट उंच बांधायची. उंच महत्त्वाचं आहे, जाळी आणि स्लॅबच्या मधून वारा वाहिला पाहिजे. गच्चीवर अंथरून टाकली तर फार फायदा नाही. पण मे मध्ये वादळी पाऊस येतो तेव्हा ही जाळी शिडासारखी उडते, बांधणी कच्ची असेल तर पाइपसकट खाली जाईल, तेवढं बघून करा. फक्त बेडरूमवरच्या भागावर बांधली तरी चालतं.

एक गोष्ट मात्र करू नका, गच्चीवर मातीचे वाफे. ओल्या मातीचा ६ इंचाचा थर एका चौरस मीटरला २५० किलोच्या वर जातो आणि वापरायची गच्ची साधारण चौरस मीटरला १५० किलोच्या लाइव्ह लोडला (म्हणजे माणसं-सामानाच्या वजनाला) डिझाइन केलेली असते. चार कुंड्या बीमच्या वर ठेवल्या ठीक, पण कोणी टेरेस गार्डनने घर गार होतं म्हणून संपूर्ण माती टाकायला सांगितलं तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय नाही. आतून थर्मोकोलचं फॉल्स सीलिंग करून देतो म्हणणारेही येतील. स्लॅब तसाच तापत राहतो आणि थर्मोकोल आग पटकन धरतं. इन्सुलेशन करायचं तर स्लॅबच्या वर, खाली नाही.

अकोल्याचा_भाऊ

ताई सिव्हिलवाल्या भाऊनं चुना सांगतला पण कसा लावाचा ते नाही सांगतलं, अन् त्यातच तं खरी गोम आहे. आमच्या अकोल्यात दर मार्चले गच्चीवर चुना असतोच, नाही लावला तं मे महिन्यात घरात बसवत नाही बाप्पा.

दुकानात जाऊन कळीचा चुना मागा, पुडीतला तयार नाही. कळी म्हणजे ढेकळं असतात. लोखंडी ड्रम घ्या, प्लॅस्टिकची बादली अजिबात नाही, काहून का कळीवर पाणी पडलं की ते उकळते, धुर निघते, प्लॅस्टिक वितळून जाते. पाणी आधी अन् कळी मागून हळूहळू टाकाची. डोळ्याले चष्मा, हाताले रबरी मोजे, अन् लेकरू तं त्या दिवशी गच्चीवर येऊच देऊ नका, चुना डोळ्यात गेला तं डोळा जाते, हे मी मजाक नाही करत. रातभर भिजू द्या. सकाळी लाकडानं ढवळून जुन्या धोतराच्या कापडातून गाळा, खडे राहाले नाही पायजे. मंग त्यात फेव्हिकॉल नाहीतर डीडीएल (चुना धरून ठेवणारा डिंक) टाकाचं, ते नाही टाकलं तं चार दिवसात पायाले पांढरं लागत फिरते अन् घरभर पावलं उमटतात. काही लोक पांढरं सिमेंटबी टाकतात, त्यानं पक्कं होते.

पहिला हात ताकाएवढा पातळ, म्हणजे सिमेंटच्या बारीक भेगेत शिरते. तो पूर्ण वाळला की दुसरा आडवा, मंग तिसरा उभा. गच्ची आधी झाडून धुऊन घ्या अन् थोडी ओली असतानाच पहिला हात मारा. अन् हे सगळं पहाटे ५ ले सुरू करा, ९ च्या आत आटपा. तापल्या स्लॅबवर चुना लावला की लगेच वाळते अन् पोपडे धरते. उन्हात पांढऱ्या गच्चीवर डोळे दिपतात, दुपारी वर जाणं पडलं तं गॉगल लावा.

पाण्याच्या टाकीले विसरू नका. काळी टाकी असन तं तिच्या भोवती बारदान गुंडाळा दोरीनं अन् त्यावर चुना मारा, वरून थोडी सावली करा. आमचं सायंकाळचं पाणी त्यानं बरंच गार झालं. अन् चुना लावताना टाकीचं झाकण घट्ट लावून घ्या. पाऊस लागला की पहिलं पाणी पांढरं येते, गच्चीचं पाणी कुठं विहिरीत नाहीतर बोअरमध्ये सोडलं असन तं पहिले दोन पाऊस तो पाइप बाजूले काढून ठेवा.

सायंकाळी गच्चीवर पाणी मारतात लोक, ते सूर्य बुडल्यावरच मारा, भर दुपारी तापल्या स्लॅबवर थंडं पाणी मारलं की भेगा पडतात. पण पाण्याचा खर्च पाहा, आमच्याकडे उन्हाळ्यात नळ रोज येत नाही, तं आम्ही पाणी मारणं सोडलं. चुना एकदा लावला की पाणी मागत नाही.

खारघरकर

मधेच विचारतो, हे सगळं वाचून आम्हीही कुलर घ्यावा का? नवी मुंबईत टॉप फ्लोअरच आहे. एसी एकच आहे.

सिव्हिलवाला_वर्धा

खारघरला नको. तुमच्याकडे ३४ डिग्री आणि ६५-७० टक्के आर्द्रता असते मे मध्ये, त्यात उत्तम कुलरही २९-३० च्या खाली हवा देऊ शकत नाही आणि वर दमटपणा वाढवतो, घाम वाळतच नाही मग. तुमच्याकडे वारा हेच औषध. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, एका खिडकीत एक्झॉस्ट फॅन बाहेर फेकणारा, छताचे पंखे, आणि गच्ची पांढरी ही तुम्हालाही तेवढीच लागू. तुमच्याकडे पावसात चुना आमच्यापेक्षा आधी जाईल म्हणून सोसायटीला विचारून पेंटच बघा, तसंही वॉटरप्रूफिंगचा खर्च सोसायटी करतच असते, त्यातच पांढरा टॉप कोट मागून घ्यायचा.

दुपारची_झोप

चौथा मजला ताई, खिडकीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. पश्चिमेच्या काचेतून २ ते ६ जे ऊन येतं ते आत आलं की आलंच, आतून कितीही जाड पडदा लावला तरी काच आणि पडद्याच्या मधली हवा तापून वर खोलीतच सुटते. ऊन काचेच्या बाहेर अडवायचं. बाल्कनीला किंवा ग्रिलला बाहेरून बांबूची चीक (काड्यांचा पडदा) नाहीतर हिरवी जाळी बांधा, काचेपासून अर्धा फूट तरी लांब. आमच्याकडे ग्रिलला बाहेरून वाळ्याचा पडदा आहे, दुपारी दोनदा त्याच्यावर पाणी शिंपडायचं, खोलीत ओल्या मातीचा वास येतो आणि मुलं तिथेच खेळतात.

बाकी दिनक्रम असा ठेवा, पहाटे ५ ते ८ घराची सगळी दारं खिडक्या सताड उघडी, गार हवेने भिंती फरशी सगळं गार होऊ द्यायचं. ८-९ ला सगळं बंद, पडदे खाली, आणि कुलर लागेपर्यंत कुठलीच खिडकी उघडायची नाही. मुंबई-ठाण्याकडून आलेल्यांना हे विचित्र वाटतं कारण तिकडे हवा खेळती ठेवा असं शिकवलेलं असतं, पण इथे दुपारी बाहेरून येते ती लू, म्हणजे भाजणारी गरम हवा असते, ती घरात घ्यायची नाही. कुलरची गोष्ट वेगळी, तो त्या हवेला गार करून आत घेतो. स्वयंपाक सकाळी ९ च्या आत, डाळ-भात कुकरला, दुपारी गॅस पेटवायचाच नाही. दुपारच्या जेवणाला पोळ्यांचा डबा सकाळचाच, सोबत कांदा, कैरीची चटणी, ताक. ओव्हन इस्त्री वॉशिंग मशीन ही सगळी कामं पहाटे नाहीतर रात्री.

रात्री ९-१० ला बाहेर गार झालं की परत सगळं उघडा आणि एखादा टेबल फॅन खिडकीत बाहेरच्या बाजूला तोंड करून लावा, घरातली गरम हवा तो बाहेर फेकतो आणि दुसऱ्या खिडकीतून गार हवा आपोआप आत ओढली जाते. छताच्या पंख्यापेक्षा ह्याने गादी लवकर गार होते. गच्चीवर झोपायची सोय असेल तर तेही करून बघा, इथे अजून बरीच घरं गादी टाकून वर झोपतात, मच्छरदाणी मात्र हवी.

सिस्टर_जळगाव

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, आमच्या जळगावलाही ४४-४५ नवीन नाही. घर गार करायचं सगळ्यांनी छान सांगितलं, मी सासूबाईंचं आणि बाळाचं सांगते कारण उन्हाळ्यात आमच्याकडे जे म्हातारे येतात ते उन्हात फिरलेले नसतात, घरातच बसलेले असतात. वय झालं की तहान कमी लागते आणि घामही कमी येतो, शरीराला स्वतःला गार ठेवता येत नाही. त्यामुळे तहान लागली का हे विचारायचं नाही, तासाभराने अर्धा ग्लास हातात द्यायचा.

बीपीच्या गोळ्यांमध्ये लघवी जास्त होण्याची गोळी असते का ते डॉक्टरांना दाखवून विचारा. त्या गोळीने अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही जातं आणि उन्हाळ्यात बीपी फार खाली येऊ शकतं, उठताना चक्कर येते, पडतात, खुबा मोडतो. स्वतःच्या मनाने गोळी बंद अजिबात करू नका, डोस बदलायचा तर डॉक्टर बदलतील. आणि बीपीवाल्यांना पन्हं, ताक देताना मीठ किती टाकायचं तेही त्यांनाच विचारून घ्या. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी किती प्यायचं हेही डॉक्टरच सांगणार.

पंख्याबद्दल एक सांगते. खोलीची हवा ४० च्या वर गेली की नुसता पंखा म्हातारी माणसं आणि लहान मुलांना गार करत नाही उलट तापवतो, कारण गरम हवा अंगावर ढकलली जाते. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. अशा वेळी अंग ओल्या कापडाने पुसून मग पंख्यात बसवायचं, नाहीतर कुलरच्या खोलीत हलवायचं. घरात एक साधं खोलीचं थर्मामीटर त्यांच्या पलंगाजवळ टांगून ठेवा, अंदाजाने नाही कळत.

हे लक्षात ठेवा, ऊन लागणं दोन पायऱ्यांत होतं. आधी थकवा, डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम, तेव्हा सावलीत झोपवून ओआरएस दिलं की सावरतात. घरी करायचं तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेना, झोपेत गेल्यासारखा झाला, अंग चटका बसेल एवढं गरम, तर तो उष्माघात. घाम कधी असतो कधी नसतो, त्यावर जाऊ नका. लगेच १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसायचं नाही, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतायचं, पंखा जोरात, काखेत मानेला जांघेत ओली गार फडकी. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ठसका लागून फुफ्फुसात जातं. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. खिशात कांदा ठेवून ऊन लागत नाही असं बरेच जण मानतात, कांदा जेवणात खा, पण त्याच्या भरवशावर दुपारी १२ ला बाहेर पडू नका.

मुलीच्या घामोळ्यांना पावडरचे थर देऊ नका, छिद्रं बुजतात. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने अंघोळ, सुती सैल झबलं, आणि गार खोली. घामोळं खोली गार झाली की आपोआप जातं.

वायरमन_अमरावती

सगळे कुलर घ्या म्हणताहेत तर हे वाचल्याशिवाय घेऊ नका. आमच्या विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात, ओले पाय ओली फरशी आणि लोखंडी बॉडी. कुलरचा प्लग तीन पिनचाच हवा आणि घरात अर्थिंग खरंच चालू आहे का हे वायरमनकडून टेस्टरने नव्हे, मीटरने तपासून घ्या, भाड्याच्या घरात अर्थची वायर बऱ्याचदा बॉक्समध्येच लोंबत असते. मेन बोर्डाला ३० मिलिअँपची आरसीसीबी (शॉक लागला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर मालकाला सांगून आधी ती बसवा, खर्च एका माणसाच्या जिवापुढे काहीच नाही. पाणी भरताना नुसतं बटण बंद नाही, प्लग काढायचा. टाकीतला टिल्लू म्हणजे पाणी वर चढवणारा छोटा पंप वर्षभर पडून असतो, त्याची वायर उंदराने कुरतडलेली असते, सीझनच्या सुरुवातीला ती हाताने पूर्ण चाचपून बघा, अर्थात प्लग काढूनच. चिकटपट्टीचा जोड पाण्यात कधीही नको. मुलगी ४ वर्षांची आहे म्हणता, तर आत तोंड असलेल्या बाजूला समोर एक टेबल आडवं टाका, तिचा हात जाळीपर्यंत पोचू देऊ नका.

चौथा_मजला_नागपूर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं. आज सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटलो, ते म्हणाले चुना लावा काही हरकत नाही, शेजारचा फ्लॅटही टॉप फ्लोअर आहे, ते अर्धा खर्च द्यायला तयार झाले, म्हणजे पूर्ण गच्चीच होईल. सासूबाईंच्या डॉक्टरांची उद्याची अपॉइंटमेंट घेतलीये, त्यांच्या गोळ्यांमध्ये ती लघवीची गोळी आहे हे आत्ता पाकीट बघून कळलं. सिस्टर तुमचे खास आभार. वायरमन दादा, अर्थिंग तपासायला माणूस रविवारी येतोय, त्याच्या आधी कुलर आणत नाही.

दोन प्रश्न राहिले. आमच्या गच्चीवर जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांवर सिमेंटचा थर) आहे, काही ठिकाणी वरचं सिमेंट फुटून विटेचे तुकडे दिसतात, त्यावर तसाच चुना चालेल का? आणि हॉलच्या खिडकीबाहेर कुलरचं स्टँड बसवायला ग्रिल कापावं लागेल, मालक नाही म्हणाले, मग काय करायचं?

सिव्हिलवाला_वर्धा

कोबा असेल तर चांगलंच आहे, तो जाड थर थोडी उष्णता अडवतोच. फुटलेल्या जागा आधी सिमेंट-वाळूने भरून काही दिवस पाणी मारून पक्क्या होऊ द्या मग चुना. भेगेत चुना भरून काही होत नाही आणि पावसात तिथूनच बेडरूममध्ये गळेल. सोसायटीला आत्ताच ते दाखवून ठेवा, दुरुस्ती त्यांची आहे.

धरमपेठची_काकू

ग्रिल कापू नकोस. किचनला जोडून ड्राय बाल्कनी असेल ना, तिचं दार उघडं ठेवून दारात कुलर लाव, पाठ बाल्कनीकडे. वरच्या उरलेल्या फटीला प्लायचा तुकडा नाहीतर जाड पडदा लाव म्हणजे गरम हवा वरून आत यायची नाही. बाल्कनी उघडी हवी फक्त, काचा लावून बंद केलेली असेल तर कुलरला ओढायला हवाच मिळणार नाही. ड्राय बाल्कनी पूर्वेला असेल तर आणखी बरं, दुपारी कुलर सावलीत राहील आणि टाकीतलं पाणीही तापणार नाही. किचनचा एक्झॉस्ट मात्र कुलर चालू असताना बंद ठेव, गार हवा पहिले तोच ओढून घेईल.

अकोल्याचा_भाऊ

ताई चुना ह्याच आठवड्यात लावून घ्या, मे लागला की मजूर पहाटेबी येत नाही गच्चीवर. अन् फेव्हिकॉल टाकलेला चुना त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ड्रममध्ये गठ्ठा होते. दोन फ्लॅटची गच्ची असन तं दोन माणसं अन् दोन सकाळी धरून चाला, पहिल्या दिवशी धुणं अन् एक हात, दुसऱ्या दिवशी बाकीचे दोन.